असण्याआधी घडणे: प्रक्रिया-तत्त्वज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यास

जग कशाचे बनले आहे, या प्रश्नाला पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या मुख्य प्रवाहाने दीर्घकाळ एक ठरलेले उत्तर दिले: वस्तूंचे. ॲरिस्टॉटलच्या मांडणीत आधी द्रव्य असते आणि मग गुण, संबंध, बदल त्याच्या आश्रयाने राहतात. दगड आधी असतो. तो तापतो, झिजतो, फुटतो, हे सगळे नंतरचे. प्रक्रिया-तत्त्वज्ञान हा क्रम उलटा करते. त्याच्या मते जगात मुळात घडामोडी आहेत आणि ज्याला वस्तू म्हटले जाते ती पुष्कळ घडामोडींची टिकून राहिलेली एक मांडणी असते. त्यामुळे ‘बदल कसा होतो’ हे या विचाराला फारसे कोडे वाटत नाही. ‘इतक्या बदलात काही टिकते तरी कसे’ हे त्याचे खरे कोडे आहे.

कात्रपचे उदाहरण घेतले तर दोन्ही बाजू समोर येतात. एकेकाळी भातखाचरांमधले गाव असलेले कात्रप आज कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतला, रेल्वेमार्गाच्या पूर्वेकडचा दाट वस्तीचा भाग आहे. 2001 च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली शहराची लोकसंख्या 2011 मध्ये 1 लाख 74 हजारांवर गेली. खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, मुंबई-ठाण्याकडून नवी कुटुंबे आली, जुनी पिढी गेली. तरीही पत्त्यात ‘कात्रप’च लिहिले जाते आणि ते चूक ठरत नाही. द्रव्यवादी म्हणेल, या सगळ्याखाली काहीतरी न बदलणारे असले पाहिजे. प्रक्रियावादी म्हणेल, खाली काहीही नाही. आजचे कात्रप कालच्या कात्रपकडून रस्ते, सातबारे, नातीगोती, सण आणि तंटे उचलते, त्यात स्वतःची भर घालते आणि उद्याच्या हाती देते. हा वारसा जोवर अखंड आहे तोवर गाव ‘तेच’ आहे. इथपर्यंत बहुतेकांना पटते, कारण गाव म्हणजे शेवटी माणसांचे व्यवहार. अडचण पुढे येते. प्रक्रिया-तत्त्वज्ञान हेच विधान दगडाबद्दल, झाडाबद्दल, अणूतल्या कणाबद्दल आणि ‘मी’बद्दलही करते, आणि तिथून पदव्युत्तर पातळीचा अभ्यास सुरू होतो.

या विचाराचा पाश्चात्त्य इतिहास सांगताना आरंभ बहुधा इफेससच्या हेराक्लिटसपासून, म्हणजे इसवी सनापूर्वी 500 च्या आसपास केला जातो. लायब्निझ आणि हेगेल यांच्याकडेही त्याचे धागे सापडतात. पण ज्याला आज प्रक्रिया-तत्त्वज्ञान म्हणतात त्याची घडण साधारण 1890 ते 1930 या काळातली आहे. फ्रान्समध्ये आंरी बर्गसाँ यांनी घड्याळाचा काळ आणि जगलेला काळ यांत भेद केला आणि 1907 मध्ये ‘सर्जनशील उत्क्रांती’ या अर्थाचे शीर्षक असलेला ग्रंथ लिहिला. अमेरिकेत विल्यम जेम्स यांनी जाणिवेचे वर्णन प्रवाह म्हणून केले. या सगळ्याला एका पूर्ण व्यवस्थेचे रूप दिले ते आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांनी.

व्हाइटहेड हे मूळचे गणिती. 1861 मध्ये इंग्लंडमधील रॅम्सगेट येथे जन्मलेल्या व्हाइटहेड यांनी आपले विद्यार्थी बर्ट्रांड रसेल यांच्याबरोबर ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’चे तीन खंड 1910 ते 1913 या काळात प्रसिद्ध केले. 1924 मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, हार्वर्डने त्यांना तत्त्वज्ञान शिकवण्यासाठी बोलावले. इतरांची निवृत्तीची वेळ होते तेव्हा त्यांचे महत्त्वाचे तात्त्विक लेखन सुरू झाले. 1925 मध्ये ‘सायन्स अँड द मॉडर्न वर्ल्ड’ आले. 1927-28 मध्ये एडिंबरा येथे त्यांनी दिलेली गिफर्ड व्याख्याने इतकी अवघड होती की श्रोते भराभर गळत गेले. त्याच व्याख्यानांतून 1929 चा ‘प्रोसेस अँड रिॲलिटी’ हा ग्रंथ उभा राहिला. या शाखेचा विद्यार्थी कोणत्याही वाटेने निघाला तरी त्याला या ग्रंथापाशी यावेच लागते.

ग्रंथाचा गाभा थोडक्यात असा. जगाची अंतिम एकके म्हणजे अनुभवाच्या छोट्या छोट्या घटना. प्रत्येक घटना आपल्या आधीच्या घटनांना आपल्यात सामावून घेते. या सामावण्याला व्हाइटहेड ‘प्रिहेन्शन’ हा शब्द स्वतःच्या खास अर्थाने वापरतात. त्यात जाणीव असतेच असे नाही. कण, पेशी, मुंगी, माणूस या सर्व पातळ्यांवर ते कमी-अधिक तीव्रतेने चालते. मिळालेल्या सामग्रीतून घटना स्वतःला घडवते, पूर्ण होते आणि संपते. संपल्यावर ती शून्य होत नाही, पुढच्या घटनांची सामग्री होते. दगड किंवा शरीर म्हणजे अशा असंख्य घटनांचा समूह, ज्यात एखादा विशिष्ट आकार घटनेकडून घटनेकडे वारशाने जात राहतो. निळेपणा, गोलपणा यांसारख्या शक्यतांना व्हाइटहेड ‘शाश्वत वस्तू’ म्हणतात. जगाला त्या कशा उपलब्ध होतात हे सांगताना ते ईश्वराची कल्पना आणतात, पण हा ईश्वर जगाबाहेर बसलेला निर्माता नाही. त्याचे एक अंग शक्यतांचे आहे, तर दुसरे अंग जगात जे घडते ते ग्रहण करून स्वतः बदलणारे आहे. ईश्वरही बदलतो, या विधानातूनच पुढे चार्ल्स हार्टशॉर्न आणि जॉन कॉब यांचे प्रक्रिया-ईश्वरशास्त्र निघाले.

या व्यवस्थेवर विश्वास बसो वा न बसो, तिच्यामागची टीका प्रत्येकाने समजून घेण्यासारखी आहे. विज्ञान सोयीसाठी अनुभवातून काही गोष्टी वेगळ्या काढते: वस्तुमान, स्थान, क्षण. हे करणे योग्यच आहे. चूक होते ती या अमूर्त गोष्टींनाच मूर्त वास्तव मानले आणि ज्या अनुभवातून त्या काढल्या त्याला भास ठरवले म्हणजे. 1920 च्या ‘द कन्सेप्ट ऑफ नेचर’मध्ये व्हाइटहेड यांनी निसर्गाची अशी दोन तुकड्यांत केलेली फाळणी नाकारली होती. अभ्यासकाला पुढे कितीतरी प्रश्नांत ही एक सूचना उपयोगी पडते. ग्रंथातल्या अवजड वर्गवारीपेक्षा तीच अधिक टिकाऊ वाटते.

महाराष्ट्रात या विषयाला जमीन आधीच तयार आहे, आणि तीही दोन्ही बाजूंची. प्रताप शेठ यांच्या पुढाकाराने 1916 मध्ये अमळनेर येथे उभे राहिलेले तत्त्वज्ञान केंद्र अद्वैत वेदान्ताकडे झुकलेले होते. जी. आर. मलकानी यांच्यासारखे तिथले अभ्यासक न बदलणारे ब्रह्मच अंतिम सत्य मानत आणि त्याच्या बाजूने तर्कशुद्ध युक्तिवाद करत. तरुण साने गुरुजीही काही काळ तिथे विद्यार्थी होते. प्रक्रियावादाला ज्या भूमिकेशी झुंज द्यायची आहे ती इतक्या नेमक्या शब्दांत आपल्याच राज्यातून मांडली गेली, हा विद्यार्थ्याच्या दृष्टीने मोठा लाभ आहे. केंद्राच्या ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ या त्रैमासिकाची परंपरा पुढे पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागातून ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’च्या रूपाने चालली आणि मराठीत ‘परामर्श’ या नियतकालिकाने तत्त्वचर्चेला जागा दिली.

दुसरी, सर्व काही अनित्य मानणारी बाजू बौद्धांची आहे. गोव्यातील साखवाळ येथे 1876 मध्ये जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी पाली वाङ्मय शिकण्यासाठी नेपाळ आणि श्रीलंका गाठली, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली आणि हार्वर्डला अनेकदा जाऊन बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ची संहिता सिद्ध करण्याचे काम केले. ते काम त्यांच्या निधनानंतर 1950 मध्ये हार्वर्ड ओरिएंटल सिरीजमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी 1929 मध्ये हार्वर्डमधून पदवीधर झाले. ‘प्रोसेस अँड रिॲलिटी’ प्रसिद्ध झाले तेही याच वर्षी. एकाच विद्यापीठाच्या आवारात क्षणिकतेची दोन शास्त्रे, एक पालीतले आणि एक इंग्रजीतले, शेजारी शेजारी तयार होत होती. व्हाइटहेड यांनी आपल्या विचाराचे भारतीय आणि चिनी परंपरांशी असलेले साधर्म्य मान्य केले होते, पण बौद्ध न्यायाचा सखोल अभ्यास त्यांनी केला नव्हता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या रूपाने हा विषय महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत पोहोचला आहे. 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात ते जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसले. ड्यूई यांच्या तत्त्वज्ञानात अनुभव म्हणजे सजीव आणि परिसर यांचा सतत चाललेला व्यवहार. बाबासाहेबांच्या निधनानंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात अनित्यतेची तीन अंगे सांगितली आहेत: संयुक्त वस्तूंची अनित्यता, व्यक्तीची अनित्यता आणि परस्परावलंबी गोष्टींच्या स्वभावाची अनित्यता. असणे म्हणजे होत राहणे, हा विचार तिथे नीतीशी जोडला जातो. जात हे माणसाचे कायमचे द्रव्य नाही. ती घडवली गेली आहे, म्हणून मोडता येते. सामाजिक प्रश्नावर प्रक्रियादृष्टी किती दूर जाऊ शकते याचे इतके ठळक उदाहरण पाश्चात्त्य प्रक्रियावाद्यांकडेही सहज सापडत नाही.

ज्ञानदेवांचा ‘अमृतानुभव’ ही तिसरी वाट. त्यातला चिद्विलासवाद जगाला मिथ्या ठरवत नाही, चैतन्याचाच विलास मानतो आणि अज्ञान या कल्पनेचे खंडन करतो. शं. दा. पेंडसे आणि भा. पं. बहिरट यांनी या तत्त्वज्ञानाचा शास्त्रीय अभ्यास केला आहे. त्यामुळे ज्ञानदेव आणि व्हाइटहेड अशी तुलना मराठी विद्यार्थ्याला चटकन सुचते.

इथेच सर्वांत जास्त सावध राहावे लागते. ‘हे आपल्याकडे आधीच सांगितले होते’ एवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही. दिङ्नाग-धर्मकीर्ती परंपरेतील क्षणभंगवादात क्षण उपजताच पूर्णपणे नष्ट होतो. त्याच्या आत वाढ किंवा टप्पे नसतात. कार्य करण्याची क्षमता हीच सत्तेची खूण, आणि क्षणांच्या मालिकेला ‘एक वस्तू’ म्हणणे ही बुद्धीची कल्पना. व्हाइटहेड यांची घटना मात्र आतून घडत जाते आणि संपल्यावरही पुढच्या घटनांत प्रत्यक्ष उरते. बौद्ध नैयायिक निळेपणा, गोलपणा यांसारखे सामान्य नाकारतात आणि ईश्वरही. व्हाइटहेड यांना दोन्ही लागतात. चिद्विलासात मूळ चैतन्य एकच आहे आणि जगाने त्यात काही भर पडत नाही, तर व्हाइटहेड यांच्या जगात प्रत्येक घटनेने खरोखर नवे काही वाढते. जैनांचे मत आणखी निराळे: सत् म्हणजे उत्पत्ती, नाश आणि ध्रुवता या तिन्हींनी युक्त. सांख्यांचा परिणामवाद बदल मानतो, पण कायम राहणाऱ्या प्रकृतीत. साम्यापेक्षा हे भेदच अभ्यासाला अधिक काही देतात. क्षणभंगावर न्यायपरंपरेतून उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेक’मध्ये घेतलेले आक्षेप वाचले, तर त्यांतले काही व्हाइटहेड यांच्यावरही लागू पडतात असे दिसते. काल ज्याने पाहिले तोच आज आठवतो आहे, हे स्थिर आत्म्यावाचून कसे सिद्ध करणार? हा प्रश्न दोन्ही भूमिकांना सारखाच बोचतो, आणि त्याचे उत्तर शोधणे हा एका प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

प्रत्यक्ष शिक्षणाची वाट सरळ आहे, पण या विषयाच्या नावाची पाटी तिच्यावर नाही. मुंबई किंवा पुणे विद्यापीठात प्रक्रिया-तत्त्वज्ञान अशी स्वतंत्र पदवी नाही. तत्त्वज्ञानात एम.ए. करायचे आणि सत्ताशास्त्र, समकालीन पाश्चात्त्य तत्त्वज्ञान, बौद्ध तत्त्वज्ञान, धर्माचे तत्त्वज्ञान यांच्या अभ्यासातून आपला विषय आपणच बांधायचा. बदलापूरपासून अंबरनाथ-उल्हासनगरपर्यंतची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग कालिन्याच्या विद्यानगरी संकुलात ज्ञानेश्वर भवनात आहे. कात्रपमधल्या विद्यार्थ्याला बदलापूरहून लोकलने कुर्ला आणि तिथून बस किंवा रिक्षा असा प्रवास करावा लागतो. संकुलातील जवाहरलाल नेहरू ग्रंथालयामुळे हा प्रवास केवळ तासिकांपुरता राहत नाही. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा तत्त्वज्ञानातील एम.ए. हा पर्याय आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यातील एम.ए.मध्ये संशोधनपद्धती आणि संशोधन प्रकल्प यांचा समावेश झाला आहे. तो प्रकल्पच या विषयाची पहिली चाचणी ठरू शकतो. एम.फिल. 2022 च्या नियमांनी बंद झाली, त्यामुळे एम.ए.नंतर थेट पीएच.डी. नेट परीक्षेच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेशाची सोय 2024 पासून झाली आहे. संशोधनाला किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. अध्यापनासाठी नेट किंवा पुणे विद्यापीठाकडून घेतली जाणारी राज्याची सेट परीक्षा उपयोगी पडते. मार्गदर्शक व्हाइटहेडचेच तज्ज्ञ मिळतील असे नाही. सत्ताशास्त्र किंवा बौद्ध न्याय चांगला जाणणारा मार्गदर्शकही पुरेसा असतो.

वाचनाचा क्रम चुकला तर विद्यार्थी पहिल्या महिन्यातच दमतो. खुद्द व्हाइटहेड यांनी शिक्षणाचे तीन टप्पे सांगितले आहेत: आधी ओढ, मग काटेकोरपणा, शेवटी व्यापक मांडणी. त्यांच्या तत्त्वज्ञानालाही हाच क्रम मानवतो. ओढ लागण्यासाठी ‘सायन्स अँड द मॉडर्न वर्ल्ड’ आणि 1938 चे ‘मोड्स ऑफ थॉट’ ही पुस्तके वाचावीत. ती तुलनेने सुबोध आहेत. मराठी वाचकाला पार्श्वभूमीसाठी ग. ना. जोशी यांचा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास आणि दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला तीन खंडांचा ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ हाताशी असावा. काटेकोरपणाच्या टप्प्यावर ‘प्रोसेस अँड रिॲलिटी’ येते. त्याच्या आरंभीच अस्तित्वाचे आठ प्रकार, स्पष्टीकरणाचे सत्तावीस आणि बंधनांचे नऊ नियम एकापाठोपाठ मांडले आहेत. ते पाठ करण्यात अर्थ नाही. पुढे जात राहावे आणि अडेल तिथे मागे यावे. 1929 च्या मूळ आवृत्त्यांत शेकडो चुका राहिल्या होत्या, म्हणून डेव्हिड ग्रिफिन आणि डोनाल्ड शेरबर्न यांनी 1978 मध्ये काढलेली दुरुस्त आवृत्तीच वापरावी. शेरबर्न यांचे 1966 चे मार्गदर्शक पुस्तक मूळ मजकुराची फेरजुळणी करून देते. ते मूळ ग्रंथाबरोबर ठेवावे, त्याच्याऐवजी नाही. प्रक्रिया-तत्त्वज्ञान म्हणजे केवळ व्हाइटहेड नव्हे, हे लक्षात राहण्यासाठी निकोलस रेशर यांचे 1996 चे ‘प्रोसेस मेटाफिजिक्स’ आणि योहाना झाइब्ट यांचे लेखन वाचणे आवश्यक आहे. या दोघांची मांडणी ईश्वराच्या कल्पनेवर उभी नाही.

संशोधनाला नवी सामग्रीही उपलब्ध होत आहे. व्हाइटहेड यांच्या इच्छेनुसार त्यांची अप्रकाशित टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर नष्ट करण्यात आली. त्यामुळे त्यांचे विचार कसे घडत गेले हे अनेक दशके अंदाजावर राहिले. 2017 मध्ये एडिंबरा विद्यापीठ प्रकाशनाने 1924-25 च्या हार्वर्ड व्याख्यानांच्या विद्यार्थ्यांनी घेतलेल्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि परिस्थिती बदलली. अमेरिकेत कॉब आणि ग्रिफिन यांनी 1973 मध्ये क्लेअरमाँट येथे सुरू केलेले सेंटर फॉर प्रोसेस स्टडीज आणि 1971 पासूनचे ‘प्रोसेस स्टडीज’ हे नियतकालिक ही या क्षेत्राची जुनी ठाणी. जीवशास्त्रातही हालचाल आहे. डॅनियल निकल्सन आणि जॉन डुप्रे यांनी संपादित केलेल्या 2018 च्या ‘एव्हरीथिंग फ्लोज’ या लेखसंग्रहात सजीव म्हणजे वस्तू नसून स्वतःला टिकवणाऱ्या प्रक्रिया आहेत, असा युक्तिवाद आहे.

प्रबंधाचा विषय घराजवळही सापडतो. अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी नदी शके 982 मधील, म्हणजे 1060 च्या शिवमंदिराजवळून जाते, अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या औद्योगिक वस्त्यांतून वाहते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. कारखान्यांच्या आणि कपडे रंगवण्याच्या सांडपाण्याने ती दीर्घकाळ दूषित झाली आहे. कायदा आणि प्रशासन नदीकडे ठरावीक जागी घेतलेल्या नमुन्यांच्या आकड्यांतून पाहतात. ते आकडे हवेतच. पण नदी म्हणजे ते आकडे असे धरले की ठरलेल्या मर्यादेत बसणारा प्रत्येक कारखाना निर्दोष ठरतो आणि प्रत्यक्षात नदी मरते. इथे व्हाइटहेड यांनी दाखवलेली, अमूर्ताला मूर्त समजण्याची चूक जशीच्या तशी दिसते. नदीला पाऊस, डोंगर, मंदिर, कामगारवस्ती, निर्यातीचा बाजार आणि खाडीतले मासे यांच्या संबंधांतून घडणारी प्रक्रिया मानले, तर जबाबदारी कोणाची आणि किती, हा प्रश्न वेगळ्या रीतीने मांडावा लागतो. त्याबरोबरच एक कठीण आक्षेपही समोर येतो. सगळेच सगळ्याशी जोडलेले असेल तर दोष नेमका कोणावर ठेवायचा? प्रक्रिया-तत्त्वज्ञानाला याचे उत्तर द्यावे लागते. घटना मिळालेल्या सामग्रीने पूर्ण बांधलेली नसते, ती त्या सामग्रीचे काय करायचे हे काही अंशी स्वतः ठरवते, हे व्हाइटहेड यांचे म्हणणे त्या उत्तराचा पाया होऊ शकते. तो पाया कायद्यातील जबाबदारीचे ओझे पेलतो का, हे तपासण्यासाठी विद्यार्थ्याला ग्रंथालयाबरोबर नदीकाठच्या वस्त्यांमध्ये आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालांमध्येही जावे लागेल.